भिंगाखाली आलेली नॅन्सी

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे, तळहातात मावणारे. वालीवच्या एका लहानशा कारखान्यात माझी काच घासली गेली आणि गोखिवऱ्याच्या त्वचारोगतज्ज्ञ मनोरमाबाईंनी मला आपल्या दवाखान्यात आणले. मुलांमधल्या सोरायसिसची किती रूपे असतात, ते मी त्यांच्या हातात राहून शिकले. कुणाच्या कोपरांवर चंदेरी पापुद्र्यांचे जाड चट्टे, कुणाच्या काखेत नुसती गुळगुळीत लाली, तर कुणाच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे.

१९९८ साली आठ वर्षांची नॅन्सी आली. तिचे बाबा फर्डिनंड केळीची बाग करायचे. घसा दुखून गेला आणि पंधरा दिवसांत तिच्या पाठीपोटावर, हातांवर थेंबांएवढे लाल ठिपके उठले. तिचे पहिले कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी, जवळ आले होते. चर्चमध्ये मुले जोडीने हात धरून चालणार होती. पण हिला सगळ्यांच्या मागे एकटीला ठेवा, असे काही आयांनी सांगितले होते.

बाईंनी मला तिच्या पाठीवर धरून निरखून पाहिले, घसा तपासला, औषध दिले. ठिपके बहुधा काही आठवड्यांत ओसरतील, पण पुन्हा येऊही शकतात, हे त्यांनी लपवले नाही.

"मी हात धरला तर दुसऱ्याला होईल?" नॅन्सीने विचारले.

"नाही बाळा," म्हणत बाईंनी तिचा हात हातात घेतला.

चार दिवसांनी पॉलिन नावाची आई आपल्या केनीला घेऊन आली. त्याच्या डोक्यात जाड खवले होते. कम्युनियनच्या तयारीच्या वर्गात नॅन्सीजवळ बसल्यानेच हे झाले, अशी तिची तक्रार. बाईंनी विचारल्यावर मात्र तिने सांगितले की खवले वर्षभरापासून आहेत. कोंडा समजून ती तेल चोळत होती. बाईंनी मला केसांच्या कडेशी नेले.

"हाही सोरायसिसच, डोक्यातला. हा कुणाकडून कुणाला लागत नाही."

पॉलिन हळूच म्हणाली, "त्या पोरीला मागे ठेवायला मीच सांगितलं होतं."

पुढचे मला फर्डिनंडकडून कळले. कम्युनियनच्या दिवशी नॅन्सीचे ठिपके गेलेले नव्हते. पॉलिनने स्वतः केनीला तिच्या जोडीला उभे केले. नॅन्सी हात पुढे करेना. तेव्हा केनीच म्हणाला, "माझ्या हाताला घाम येतो. तुला चालेल ना?"

आता बाईंकडे त्वचा निरखायचे दिव्याचे नवे यंत्र आहे आणि मी खणात असते. मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणाच्या अंगावर असे चट्टे दिसले, तर डबा खाताना त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेवू नका.