डाव्या भिंतीतलं भोक

ममताने सोफ्यावर बसून डोळे मिटले, दोन्ही बाजूंना चुटक्या वाजवून पाहिल्या आणि मग उठून भिंतीवर खडूने फुल्या मारल्या.

"अमरभाऊ, मागचे स्पीकर वर कोपऱ्यात टांगून जमत नाही. बसल्यावर कान जिथं येते, त्याच्या हातभर वर पाहिजे. दोन बाजूले दोन, अन् जरासे मागं. नाही तर सारा आवाज छताले जाऊन चिकटते."

"तुम्ही म्हणसान तसं," अमर म्हणाला. "फक्त वायर दिसू देऊ नका."

ममता आणि तिचा नवरा संघदीप यांचं दारव्ह्याला टीव्ही-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. संघदीप गिऱ्हाईक सांभाळायचा, बाहेरची कामं ममता करायची. तिचे वडील उकंडा भीमजयंतीच्या मिरवणुकीत भोंगे बांधायचे. कोणत्या भिंतीवरून आवाज कसा परततो, हे ती लहानपणीच त्यांच्याकडून शिकली होती. होम थिएटरचं हे तिचं पहिलंच मोठं काम, तेही बोरी अरबमध्ये, वामनरावांच्या घरी. वामनराव कापसाचे व्यापारी, अमर त्यांचा मुलगा. त्याने मागची खोली खास यासाठी तयार करवली होती. खिडक्या फोमने बुजवलेल्या, खाली गालिचा, दार रबराची पट्टी लावून घट्ट बसवलेलं. आत शिरलं की बाहेरचं जग मेल्यासारखं गप्प व्हायचं.

त्या दिवशी मात्र बाहेर गप्प काही नव्हतं. दोन हजार सहाचा डिसेंबर होता. सरकारी खरेदी केंद्र आठ दिवसांपासून बंद, व्यापारी पडत्या भावाने माल मागत होते, आणि कापसाने भरलेल्या बैलगाड्या फाट्यावर उभ्या होत्या. सकाळपासून घोषणा ऐकू येत होत्या. अमरची सहा वर्षांची पोरगी, खुशी, त्या ऐकून आजीच्या, मैनाबाईंच्या पदरात शिरत होती.

उजव्या बाजूचं काम सरळ झालं. डाव्या बाजूची वायर पलीकडच्या कोठीतून न्यावी लागणार होती. कोठी रिकामीच होती, गल्लीच्या बाजूला शटर होतं. ममताने ड्रिल लावलं. पण भिंत जुनी, मातीत बांधलेली. भोकाऐवजी अख्खी अर्धी वीट निसटून पलीकडे पडली आणि मूठ जाईल एवढं भगदाड पडलं. तिने वायर ओढून घेतली, स्पीकर बसवला. स्पीकरच्या मागे भगदाड झाकलं गेलं.

"थोडं सिमेंट मिळन का?" तिने विचारलं.

तेवढ्यात वामनराव दारात आले. "बाई, आटपा आता. फाट्यावर रस्ता रोको होऊन राह्यला. चारच्या आत निघा, नाही तर अडकसान. मलेही कापसाच्या जिनवर जायचं हाय."

"काका, एवढं भोक बुजवतो अन्…"

"उद्या बुजवा. कोणाले दिसते?"

ममतालाही घरची ओढ होती. खरं तर दहा मिनिटांचं काम होतं. पण दिसत नव्हतं हे खरंच होतं. तिने आवाज तपासला, अमरला बटणं समजावली आणि सामान स्कूटीवर बांधून निघाली.

फाट्यावर ती अडकलीच. पंचवीस-तीस गाड्या आडव्या लावलेल्या, बैल सोडलेले, मधोमध माणसं बसलेली. एका गाडीच्या दांडीला टेकून धावजी उभे होते. हे जवळच्या तांड्यावरचे म्हातारे बंजारा शेतकरी, सगळे त्यांच्याच शब्दाने चालत होते.

"बसा बाई," ते म्हणाले. "साहेब येऊन बोलल्याबिगर रस्ता काही उघडत नाही. तुमी कोणाच्या घरून येऊन राह्यल्या?"

"वामनरावांच्या."

बाजूची दोनचार माणसं कुत्सितपणे हसली. एक जण म्हणाला, "लई भेलं ते घर. आमी दगड मारू म्हणून आंगणातलं जनरेटर उचलून कोठीत नेलं. म्या आत्ताच पाह्यलं. शटर ओढून कुलूप बी लावलं."

पाच वाजले आणि गावातले दिवे गेले. लोडशेडिंग. त्या वर्षांत संध्याकाळची वीज अशीच जायची, कोणाला त्याचं नवलही वाटत नसे. पण पाच वाजता वीज गेली म्हणजे वामनरावांच्या घरी जनरेटर सुरू झालं असणार. आंगणात नाही. बंद कोठीत. अमर शटरला पुन्हा कुलूप घालून, सगळ्यांना घेऊन नव्या खोलीत सिनेमा पाहत बसला असणार.

हे तिला सुचेपर्यंत पाऊण तास उलटून गेला होता.

कोठीतला धूर बाहेर जायला जागा नव्हती. जागा होती ती एकच, डाव्या स्पीकरच्या मागे, तिनेच केलेली. आणि खोली अशी घट्ट की आत गेलेली हवा आतच राहणार.

तिने अमरला फोन लावला. घंटी वाजत राहिली. परत लावला. घरच्या फोनवर लावला. तिकडेही कोणी उचलेना. त्या खोलीतून फोन ऐकूच येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिने स्कूटी वळवली. दोन माणसं आडवी आली.

"काहून? आता मागं कायले?"

"वामनरावांच्या घरी जायचं हाय. लवकर."

"खबर द्याले चालली का?" एकाने चावीलाच हात घातला. "कोण कोण बसलं ते सांगाले?"

क्षणभर ममताला वाटलं, काहीतरी थाप मारावी. औजार राहिलं म्हणावं. खरं सांगितलं तर उद्या दारव्ह्यापासून यवतमाळपर्यंत बोभाटा होईल, की दुकानवालीने भिंत फोडली आणि माणसं कोंडून मारली. पण थाप मारली तर हे सोडणार नव्हते. ती धावजींकडे वळली.

"बाबा, माह्या हातून चूक झाली. कोठीच्या भिंतीले म्या भोक पाडलं अन् बुजवलं नाही. जनरेटर कोठीत चालू असन. तो धूर खोलीत जाऊन राह्यला. आत काकू हाये, अमरभाऊ हाये, लहान पोरगी हाय. फोन उचलत नाही कोणी."

धावजींनी गावाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांनी गाडीखालची सब्बल, लोखंडी पहार, ओढून काढली आणि थेट स्कूटीवर मागे बसले.

"चाल पोरी. सोडा रे तिले."

गल्लीत शिरतानाच जनरेटरची घरघर ऐकू आली. शटरच्या फटीतून निळसर धूर झिरपत होता. धावजींनी सब्बल कुलपात घातली, दोनदा दाबली, तिसऱ्यांदा कुलूप तुटलं. शटर वर जाताच धुराचा लोट तोंडावर आला. ममता पदर नाकाला लावून आत शिरली आणि चाचपडत बटण दाबलं. जनरेटर थांबलं. भिंतीपलीकडचा आवाजही थांबला.

आणि मग काहीच नाही. सिनेमा मध्येच बंद पडला की माणसं ओरडतात, हाका मारतात. आतून कोणी हूं की चूं केलं नाही.

"पुढून," ममता ओरडली.

पुढचं दार लोटलेलं होतं. मागच्या खोलीचं मात्र आतून कडी लावलेलं. ममताने दोन्ही हातांनी दार बडवलं. "अमरभाऊ! काकू! खुशी!" आत काहीतरी घसटल्यासारखं झालं, मग पुन्हा शांतता. धावजींनी तिला बाजूला केलं. त्या म्हाताऱ्या अंगात कुठून जोर आला कोण जाणे, सब्बलीच्या चौथ्या दणक्याला कडी उखडली.

अमर दाराजवळच पडला होता. कडीपर्यंत सरपटत आला असावा, पण हात वर गेला नव्हता. मैनाबाई सोफ्यावरून अर्धवट खाली लोंबत होत्या, गालिच्यावर उलटी झालेली. खुशी त्यांच्या मांडीशी झोपल्यासारखी. ममताने तिला उचललं तर मान मागे पडली. ती तशीच धावत आंगणात आली, फरशीवर बसली, पोरीचे गाल चोळू लागली. धावजींनी मायलेकांना एकेक करून ओढत बाहेर आणलं.

"श्वास हाय," ममता स्वतःशीच म्हणत होती. "श्वास हाय, श्वास हाय."

फाटकाशी जीप थांबली. कोणीतरी जिनवर सांगितलं असणार. वामनराव उतरले आणि त्यांना दिसलं ते एवढंच: दार फुटलेलं, बायको-मुलगा आंगणात आडवे, आणि हातात सब्बल घेतलेले धावजी.

"हरामखोरा!" ते धावून आले. "कापसाचा राग घरच्या लोकांवर काढला?"

धावजींनी सब्बल खाली टाकली. मग ते हात जोडून उभे राहिले. वामनरावांनी त्यांची बंडी धरली. ममता पोरीला छातीशी घेऊन मध्ये घुसली.

"काका, यायनं वाचवलं! धूर कोंडला आत. भोक म्या पाडलतं अन् बुजवलं नाही. मले काय करायचं ते करा, पण आधी जीप काढा!"

"अहो," मैनाबाई कशाबशा बोलल्या, "पोरीले पाहा आधी."

वामनरावांनी बंडी सोडली आणि जीपचं दार उघडलं.

जीप निघाली तेव्हा धावजी पायदानावर उभे होते. फाटा दिसताच ते हात हलवत ओरडू लागले. लोक उठले. ज्या गाड्या दिवसभर कोणासाठी हलल्या नव्हत्या, त्या माणसांनी खांदे लावून मागे सारल्या. एका गाडीचं चाक नालीत गेलं आणि कापूस रस्त्यावर सांडला, तरी कोणी थांबलं नाही. जीप त्या कापसावरूनच गेली. ममताच्या मांडीवर खुशीने तेव्हा पहिल्यांदा डोळे किलकिले केले आणि खोकली.

यवतमाळच्या दवाखान्यात तिघांनाही ऑक्सिजन लावला. ममता बाहेर बाकावर बसून होती. वामनराव आले, बाजूला बसले.

"जनरेटर म्या कोठीत नेलं," ते म्हणाले. "त्या लोकायच्या भेवानं. अन् भोक उद्या बुजवा, हेही म्याच म्हणलं."

ममताला वाटलं, आता आपण 'नाही काका' असं काहीतरी म्हणायला हवं. पण तिच्याने ते म्हणवलं नाही. भोक तिचंही होतं, आणि ते कोणी वाटून घेतलं म्हणून कमी होणार नव्हतं.

पुढचे तीन दिवस तिने दुकान उघडलं नाही. संघदीपने सगळं ऐकून घेतलं, जेवायला वाढलं, एकदाही विचारलं नाही की कामाचं काय होणार. चौथ्या दिवशी सकाळी मैनाबाईंचा फोन आला. आवाज अजून बसलेलाच होता.

"ममता, पोरगी घरी आली वं. सकाळी दीड भाकर खाल्ली तिनं. ठेच्यासंगं."

ममताने फोन ठेवला आणि दुकानाच्या पायरीवर तशीच बसली. संघदीपने बाहेर येऊन विचारलं, काय झालं. तिला सांगायचं होतं, पण आधी रडू आलं.