सकाळपासून कोरडी

सहाव्या दिवशी मला सगळी देवळं एकसारखी दिसायला लागली होती. चपला काढा, तापलेल्या फरशीवरून पळा, घामाने चिकटलेलं लेकरू या कडेवरून त्या कडेवर. नवरा आणि सासूबाई आत जाऊन येत. मी बाहेर सावली शोधून चिमीचे ओठ, डोळे, टाळू बघत बसे. दहा महिन्यांची पोर, आणि उकाडा तर असा की जीव नकोसा व्हावा.

सहा तासांत लंगोट ओला झाला नाही तर थांबू नका, असं डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं. त्या दिवशी सकाळी सातला बांधलेला लंगोट दुपारी दोनलाही कोरडाच होता.

गाडी नदीकाठी उभी होती. पलीकडे डोंगर, आणि डोंगरावर शेवटचं देऊळ. खरं तर सासूबाईंना तेवढंच बघायचं होतं; वाटेतली बाकीची आमची हौस. उद्या परतीचं विमान. नवरा होडीची तिकिटं घेऊन आला आणि मी म्हटलं, मागे फिरायचं, दवाखान्यात. शहर तीन तासांवर. पोरगी चांगली खेळतेय की, असं तो म्हणाला. मी ऐकेना. आमचं चाललं होतं तोवर ड्रायव्हरने काच पुसून घेतली आणि विचारलं, गाडीचं तोंड नक्की कुठे करायचं तेवढं ठरवा.

सासूबाई काठावर पाय धूत होत्या. पोरीला बरं नाही, एवढंच नवऱ्याने त्यांना सांगितलं. काही न विचारता त्या पदराने पाय पुसून गाडीत येऊन बसल्या.

तासभर गेल्यावर त्यांनी चिमीच्या कपाळाला हात लावला. "ताप तर नाही. होतंय काय नेमकं हिला?"

मी सांगितलं.

त्या म्हणाल्या, "अगं, दोनदा बदललाय मी. सकाळी घाटातल्या वळणांवर तुझी मान कलंडली होती. उठवावंसं वाटलं नाही."

"सांगायचं ना, आई."

"माझं बांधलेलं तुला कुठे पटतं? सांगितलं असतं तर तू पुन्हा सोडून बघितला असतास. म्हणून तुझ्यासारखीच गाठ मारली."

पायाशी ठेवलेल्या पिशवीतून त्यांनी दोन ओले लंगोट काढून दाखवले. नवऱ्याने पुढच्या सीटवरून घड्याळ बघितलं. ड्रायव्हरने गाडी हळू केली, मग कुणीच मागे वळवायला सांगेना म्हणून पुन्हा वेग घेतला. शेवटची होडी आता सुटली असणार.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "एवढ्या पायऱ्या चढून माझ्या गुडघ्यांचं काय झालं असतं कोण जाणे. दे तिला इकडे, आणि डोळे मीट जरा."

मी चिमीला त्यांच्या मांडीवर दिलं. झोप काही आली नाही. मागच्या काचेतून डोंगर बराच वेळ दिसत होता. सासूबाईंनी एकदाही वळून पाहिलं नाही.