कोपऱ्यातली फुली

त्यानं पुन्हा एकदा कोपऱ्यातली फुली दाबली. 'ही नोंद पुसायची का?' असं विचारणारी चौकट पडद्यावरून गेली आणि तिच्यामागोमाग नोंदही गेली. त्यानं नवी नोंद भरली, पुसायला घेतली, चौकट पुन्हा आली. 'होय' नाही, 'नाही' नाही, थेट फुली. नोंद गायब.

"बघा," मागे उभी असलेली, प्रोग्राममधल्या चुका शोधणारी टेस्टर म्हणाली. ऑफिसात तिला सगळे फौजदार म्हणत आणि तिला ते मनापासून आवडायचं. "आपला प्रोग्राम घेतलेल्या त्या औषधवाल्याचा अर्धा साठा कॉम्प्युटरवरून असाच साफ झालाय. सकाळपासून फोनवर माझा जीव खातोय."

"त्यानं 'नाही' दाबायला हवं होतं."

"अहो, पण त्यानं 'होय' तरी कुठं दाबलं?"

त्यानं प्रोग्राम उघडला. घोटाळा करणारी ती ओळ त्यानंच लिहिली होती. समोरच्यानं 'नाही' म्हटलं का, एवढंच ती बघत होती. म्हटलं नसेल तर खुशाल पुसून टाकत होती. शिकाऊ पोरानं करावी अशी चूक. एरवी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आज काहीच झालं नाही. गेले कित्येक महिने त्याला काही होतच नव्हतं.

"फुली दाबणाऱ्याला काय हवं असतं, सांगू?" फौजदार खुर्ची ओढून बसली. "काही नको असतं बिचाऱ्याला. समोरचा प्रश्न तेवढा टळायला हवा असतो. आणि आपण त्याचा 'हो' धरून मोकळे होतो."

त्यानं ओळ बदलली. माणूस स्वच्छ 'होय' म्हणाला तरच पुसायचं, नाहीतर सगळं होतं तसंच ठेवायचं. तेवढ्यात फोन थरथरला. बायकोचा मेसेज होता. 'भाऊ आज दुपारी कॉट न्यायला येतोय. देऊ ना?'

त्यानं तो वाचला आणि बोटानं बाजूला सारला.

कॉट बाळासाठी आणली होती. त्यानं ती स्वतः जोडली होती, सोबतचा कागद न वाचता, कारण इंजिनियर माणसाला कागद कशाला लागतो! बायको पलंगावर पाय पसरून बसली होती आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "अरे, एक पाय उलटा लावलायस!" खरंच लावला होता. पुढे बाळ दवाखान्यातून घरी आलंच नाही. कॉट खिडकीपाशी तशीच उभी राहिली. आता मेहुण्याची बायको गरोदर होती, आणि अधूनमधून बायको विचारायची, "देऊन टाकायची का रे?" की हा पाणी प्यायला उठायचा. एकदा तर भरलेला ग्लास हातात घेऊन पाणी प्यायला गेला होता.

शनिवार म्हणून ऑफिस लवकर सुटलं. घराच्या जिन्यातच त्याला ठोकाठोकी ऐकू आली.

"या भावोजी!" मेहुणा कॉटपाशी उकिडवा बसून घाम पुसत होता. "कॉट आहे की किल्ला? एक स्क्रू हलेल तर शपथ. ती वाकडी चावी कुठं ठेवलीय? ताईनं अख्खं घर पालथं घातलं."

चावी त्याच्या बॅगेत होती, पेनांच्या कप्प्यात. बायकोनं पहिल्यांदा विचारलं त्या दिवसापासून होती. रोज त्याच्याबरोबर ऑफिसला जायची, रोज परत यायची. का, ते त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

बायको खिडकीपाशी छोट्या चादरी घडी करत होती. "मेसेजला काही बोलला नाहीस, म्हणजे चालेल असं धरून मी याला वर बोलावलं," ती म्हणाली. "खाली टेम्पो थांबलाय. चालेल ना?"

तो स्वयंपाकघराकडे वळला. पण ती त्याच्याआधी आत गेली, आणि भरलेला ग्लास आणून तिनं त्याच्या हातात दिला.

"हे घे पाणी. आणि सांग."

तो प्यायला. सावकाश प्यायला, तरी पाणी संपलंच. मेहुणा दाराशी काढलेल्या आपल्या चपलांकडे बघत होता.

"नको."

"काय नको?"

"कॉट. नको देऊ."

खूप दिवस बंद असलेली खिडकी उघडावी तसा त्याचा आवाज आला. बायकोनं खिडकीपाशी जाऊन अर्धवट घडीची चादर पुन्हा उचलली.

"मग इतके महिने तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुलाच ती घरातून जायला हवी होती. सारखी विचारायचीस."

"मी विचारायचे, ते तू एकदा तरी नाही म्हणशील म्हणून!" तिचा आवाज फाटला. "तू दर वेळी उठून गेलास. मला वाटलं, तुला ती डोळ्यांसमोर नको झालीय."

ती होती तिथंच खाली बसली आणि तोंडावर चादर दाबून रडायला लागली. त्याला काय करावं सुचेना. त्यानं बॅग उघडली आणि चावी काढली. मेहुण्यानं ती पाहिली. मग भिंतीशी टेकवलेली गादी उचलून त्यानं नीट कॉटमध्ये घातली.

"टेम्पोवाल्याला परत पाठवतो. आमचं काय, अजून वेळ आहे, दुसरी घेऊ," दारातून तो म्हणाला, आणि राहवलं नाही म्हणून, "पण भावोजी, तो एक पाय उलटा आहे हं."

मेहुण्यामागे दार लागलं. तो कॉटपाशी गुडघ्यांवर बसला आणि त्यानं त्या उलट्या पायाच्या स्क्रूला चावी लावली.

"राहू दे," चादरीआडून ती म्हणाली. "तो तसाच राहू दे."

त्यानं चावी काढून घेतली. बॅगेत न टाकता ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला.