वर बांधलेला भोंगा

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. नदीकाठच्या खांबावर उंच बसलो आहे आणि आज गप्प आहे. माझं हे गप्प राहणं चांगलं नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पवनीला विद्यापीठाचं उन्हाळी शिबिर भरलं. खेड्यांतल्या मुलामुलींना तिथे संगणक आणि यंत्रं शिकवत. आमच्या गावची रश्मी तिथे गेली. तिनं जेवणाच्या डब्यात बॅटरी बसवली, मोटारसायकलचा जुना हॉर्न जोडला आणि खाली दोन उघड्या तारा सोडल्या. तारांना पाणी लागलं की मी ओरडायचं, एवढंच माझं काम. रश्मीची आजी तुळसाबाई वैनगंगेच्या काठाला एकटी राहते. रश्मीनं याच खांबावर माझ्या तारा आजीच्या उंबऱ्याहून बऱ्याच खाली बांधल्या.

त्याच पावसाळ्यात पूर आला. मी ओरडलो. आजी शेळ्या घेऊन वर शाळेत गेली. लोकांनी मला हार घातला. त्याआधी लोक पाण्याच्या कडेला काडी रोवायचे आणि ती बुडते का, ते येऊन बघायचे. ते हळूहळू बंद झालं.

पूर ओसरला तेव्हा मी गाळानं माखलो होतो. ग्रामपंचायतीचे चपराशी परसराम यांनी मला दुपट्ट्यानं पुसलं.

"पोरीनं एवढ्या मेहनतीनं बनवलं," ते म्हणाले, "दरसाली पाण्यात कायले बुडवाचं? खराब होऊन जाईन."

त्यांनी मला तारांसकट खांबाच्या टोकाला बांधलं, वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळली. बॅटरी मात्र ते दर पावसाळ्यात भरून आणतात. रश्मी शिकायला नागपूरला गेली होती. तिला हे कोणी सांगितलं नाही.

आज सकाळपासून पाणी चढतं आहे. काठावरचं बेशरमाचं झुडूप दिसेनासं झालं. मघाशी शेजारची खुशबू आजीच्या दारात आली.

"आजी, पाणी चढून राहिलं. चाला ना शाळेत."

"भोंगा वाजला काय?"

"नाही."

"मंग? माह्या नातनीपेक्षा तुले जास्त समजते काय? जाय, भात मांड तू."

खुशबूनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि तीही माझ्यावर विसंबून घरी गेली.

आता पाणी आजीच्या घराच्या मागच्या भिंतीला लागलं आहे. तिला ते दिसत नाही. ती चुलीपाशी बसली आहे. गोठ्यात शेळ्या ओरडत आहेत. माझ्या तारा कोरड्या आहेत.

मित्रांनो, परसरामांनी मला जिवापाड जपलं. पण मी भिजण्यासाठीच जन्मलो होतो. जे यंत्र ज्या कामाचं, ते काम त्याच्या हातून काढून घेऊ नका. आणि आत्ता कोणी तरी या खांबावर चढा. पिशवी फाडा, ओल्या हातानं माझ्या दोन्ही तारा एकत्र धरा.

आजी अजून माझीच वाट पाहते आहे.