पानाची खालची बाजू

मंगळवारी संध्याकाळी नारायण पेठेतल्या घरी सुहासिनीबाई हळदीच्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून दोरीवर वाळत घालत होत्या. विज्ञान शिकवून निवृत्त झाल्याला चार वर्षं झाली, तरी प्रयोगांची खोड सुटली नव्हती. मांजरी गावातल्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला होता, आणि तो उडवणाऱ्या रुपालीला बाईंनी एक शंका विचारून ठेवली होती. पांढरी माशी बसते वांग्याच्या पानाखाली, ड्रोन फवारतो वरून. मग थेंब तिथे पोचतो का?

"औषधाऐवजी पापडखाराचं पाणी फवारायचं. थेंब पडेल तिथे पट्टी लाल."

"आई, असे तयार कागद मिळतात," सुरुची लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली.

"नवरेही तयार मिळतात. आणलास का तू? बरं, तुला काय वाटतं, पोचेल?"

"पोचेल."

"कशावरून?"

"अगं, पोचेल म्हणजे पोचेल!"

आईपुढे 'माहीत नाही' म्हणायचं नाही, हे सुरुचीचं शाळेपासूनचं व्रत. ठोकून द्यायचं, पण उत्तर द्यायचं.

बुधवारी पहाटे बाई झोपेतच गेल्या.

तेरावं झाल्यावर रुपालीचा फोन आला. "ताई, बाईंच्या पट्ट्या हायत का घरी? त्यांच्यासाठी वांग्याची एक सरी राखून ठेवलीय."

सुरुचीने खराडीच्या ऑफिसात रजा टाकली आणि मांजरी गाठली. दोघींनी पानांना वरून-खालून पट्ट्या लावल्या. ड्रोन घोंघावत सरीवरून गेला. वरच्या पट्ट्यांवर लाल ठिपकेच ठिपके. सुरुचीने एक पान उलटलं. खालची पट्टी पिवळीधमक. दुसरं उलटलं, तिसरं उलटलं. तेच.

"थांबा, अजून खालनं नेते," रुपाली म्हणाली.

नव्या पट्ट्या लागल्या. या वेळी पंख्यांच्या वाऱ्याने झाडं पार विस्कटली, पानं उलटीपालटी झाली. सुरुची धावतच सरीत शिरली, उकिडवी बसली. शेंड्याच्या पानाखाली सात ठिपके. बुंध्याजवळ एकही नाही. असं का? वारा तिथवर जात नाही, की वरची पानंच थेंब अडवतात?

"ताई, सावकाश नेला तर बुडापर्यंत जाईल का वो? बाई काय म्हणाल्या असत्या?"

बाईंनी आधी सुरुचीलाच विचारलं असतं, तुला काय वाटतं? तिने हातातलं पान तसंच उलटं धरून ठेवलं.

"मला माहीत नाही, आई," ती मोठ्याने म्हणाली. "त्या दिवशीही नव्हतं."