ब्रेक ऑइलची दुसरी बाटली

आमच्या ह्यांनी जीप घरी आणली तेव्हा ती जीप आहे, हे त्यांना मला सांगावं लागलं. टेम्पोतून उतरवलेला तो गंजका सांगाडा बघून मी विचारलं, हे भंगारवाल्याला द्यायचंय की त्याच्याकडून आणलंय? ह्यांनी उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं ही ह्यांची जुनी खोड. पस्तीस वर्षं दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त केले आणि स्वतःही काट्यासारखेच झाले. वजन पडल्याशिवाय हलायचं म्हणून नाही.

हा सगळा खटाटोप आमच्या ठकीसाठी. ठकी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, जनावरांची डॉक्टर. दवाखान्यात ती भल्याभल्या बैलांना औषध पाजते, पण घरात तिचं नाव ठकीच. तिला नोकरी लागली ती घाटापलीकडे, आणि तिथल्या वस्त्यांचे रस्ते असे की साधी गाडी पहिल्या चढालाच मान टाकते. चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी. नव्या गाडीची किंमत ऐकून आम्ही दोघं शोरूमच्या पायरीवरच बसलो. तिथे बसल्या बसल्या ह्यांच्या डोक्यात आलं, की जुनी घ्यावी आणि घरीच उभी करावी. मी म्हटलं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण पोरगी पडली बापाच्या बाजूची. माझं कोण ऐकतंय?

मग सहा महिने आमच्या घराला घर म्हणवेना. बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन, बाथरूमच्या बादलीत रॉकेलमध्ये भिजत घातलेले नट, पलंगाखाली गिअरबॉक्स. जीपचा तळ इतका सडलेला, की मी एकदा आत झाडायला गेले तर झाडूच आरपार खाली गेला. तिथे ह्यांनी मोडीत निघालेल्या काट्यांचे पत्रे कापून बसवले. सीटा मी शिवल्या, वरचं कॅनव्हासचं छप्पर मी शिवलं. एरवी शाळेचे गणवेश शिवणारं माझं मशीन, त्याच्या नऊ सुया त्या कॅनव्हासनं खाल्ल्या. ह्यांचं म्हणणं, सुया स्वस्त असतात. मी म्हटलं, हो ना, आणि बायका त्याहून स्वस्त.

थट्टा जाऊ दे. मला सहा महिने भीती होती ती एकाच गोष्टीची, ब्रेकची. घाट चढायला काही वाटत नाही, गाडी चढली नाही तर थांबेल. पण खिंडीच्या पलीकडे सात किलोमीटर नुसता उतार आहे, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. त्या उतारावर माझी पोरगी एकटी असणार, रोज. रंग ब्रशनं मारा, दिवे दोन रंगांचे लावा, मला त्याचं सोयरसुतक नाही. पण ब्रेक. दर दोन दिवसांनी मी विचारायची, ब्रेक नीट आहेत ना? ह्यांनी चारही चाकांच्या ब्रेकमधले जुने रबर काढून नवे घातले, पाइप नवे टाकले. स्वस्तात भागवायचं ठरलं होतं, पण तिथे एका पैशाची काटकसर केली नाही. तरी मला झोप लागायची नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ह्यांना वाटलं, ब्रेकमधली हवा पुन्हा एकदा काढून घ्यावी. ह्या कामाला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी आडवं होऊन नट सैल करायचा, म्हणजे तेलाबरोबर अडकलेली हवा बाहेर येते. ठकी बाजारात गेली होती, म्हणून पेडलवर मी. तिची बॅग भरायची होती, गणवेशांचा ढीग तसाच पडला होता, आणि खरं सांगायचं तर पोरगी उद्या जाणार म्हणून सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मला रडता येत नाही. मला चिडता येतं. खालून ह्यांचं 'दाब, धर, सोड' आणि वरून माझ्या तोंडाचा पट्टा. काम कधी संपणार, आयुष्य गेलं ह्या भंगारात, शेजारचे काय म्हणत असतील, सगळं काढलं मी. दोन चाकं झाली आणि ह्यांचं तेल संपलं. ब्रेक ऑइलची दुसरी बाटली कुठे आहे, असं ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या शिवणाच्या कपाटावर बघा, जगाची अडगळ तिथेच असते, डोळे असतील तर दिसेल. ते गेले, बाटली घेऊन आले, उरलेली दोन चाकं झाली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ठकी निघाली. आधी शहरातल्या मुख्य ऑफिसात जाऊन नेमणुकीचे कागद घ्यायचे आणि तिथून घाट. ह्यांनी तिला एकच गोष्ट तीनदा सांगितली, चाक फिरत असताना फोन घ्यायचा नाही. तिनं तीनदा मान हलवली. जीप कोपऱ्यावरून वळली तेव्हा ह्यांनी हात वर केला तो बराच वेळ वरच राहिला.

मी कामाला बसले. हाताला काम असलं की डोकं गप्प बसतं. दुपारी दीडच्या सुमाराला मशीन कुरकुरायला लागलं, म्हणून तेलासाठी कपाटावर हात नेला. बाटली नव्हती. माझ्या मशीनचं तेल मी मोठ्या डब्यातून सुटं आणते आणि हाताशी असावं म्हणून लहान बाटलीत भरून ठेवते. आमच्याकडे बाटली टाकून देण्याची पद्धतच नाही. चटणीच्या बरणीत बटणं, औषधाच्या बाटलीत गोंद, ज्याचं त्याला माहीत असतं. गेल्या महिन्यात शेडमध्ये एक रिकामी बाटली पडलेली दिसली, तिचं तोंड निमुळतं, मशीनच्या भोकात बरोबर थेंब पडेल असं. मी ती धुतली, पुसली आणि तिच्यात मशीनचं तेल भरलं. वरचं लेबल तसंच राहिलं. लेबल कोण काढत बसतंय.

ब्रेक ऑइलचं लेबल.

मी शेडमध्ये धावले. ती बाटली चाकाच्या खुणेपाशी आडवी पडली होती, रिकामी. आदल्या संध्याकाळी मी पेडल दाबत होते, म्हणजे माझंच तेल माझ्या पोरीच्या ब्रेकमध्ये भरत होते. भिंतीला धरून मी हाक मारली. हे सहा महिन्यांत पहिल्यांदा दुपारचे आडवे झाले होते, ते तसेच अनवाणी बाहेर आले. मी बाटली पुढे केली आणि सांगितलं. त्यांनी बाटलीत बोट घातलं, दोन बोटांत चोळलं, आणि स्कूटरची किल्ली घ्यायला गेले.

ठकीचा फोन वाजत राहिला, तिनं घेतला नाही. बापाचं ऐकायची हीच वेळ सापडली होती तिला. मुख्य ऑफिसात फोन लावला तर तिथला कारकून म्हणाला, मॅडम पंधरा मिनिटांपूर्वीच गेल्या. पलीकडच्या दवाखान्यात लावला, तिथला कंपाउंडर म्हणाला, अजून आल्या नाहीत, आल्या की सांगतो. आल्या की! मी त्याच्यावर ओरडले. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

स्कूटरवर मी ह्यांना विचारलं, त्या तेलानं काय होतं. ते वाऱ्यावर मान मागे वळवून थोडं थोडं सांगत गेले. मशीनच्या तेलानं ब्रेकमधलं रबर फुगतं. लगेच नाही फुगत, रात्रभर भिजलं की फुगतं. मग ब्रेक लागलेलेच राहतात, सुटत नाहीत, चाकं तापतात. आणि मग, मी विचारलं. मी पाठीत बुक्की मारून पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, तेल उकळतं आणि पेडल खाली जातं. मोकळं. उतारावर तेच होईल.

स्कूटर तरी केवढी, आम्ही दोघं तरी केवढे. घाटाच्या पहिल्या वळणावर तिचा दम निघाला आणि मला वाटलं, उतरून पळावं, लवकर पोहोचेन. समोरून ट्रक आला की मी त्याच्या ड्रायव्हरचा चेहरा बघायची, ह्यानं खाली काही बघितलंय का, काही पडलेलं. प्रत्येक वळणावर कठड्याकडे बघायची, कुठे तुटलाय का. एका ठिकाणी तुटलेला होता. ह्यांनी स्कूटर थांबवली, मी उतरून वाकून बघितलं. खाली झुडपं होती, तुटलेल्या जागी गवत उगवलेलं, जुनं काम. परत मागे बसताना मला स्कूटरचं पायदान सापडेना, ह्यांनी हात मागे करून माझा गुडघा धरला आणि मला बसवलं. मनात मी एकच घोकत होते, हात-पाय मोडू दे, पण जीव राहू दे. आईनं असं मागावं का? मी मागितलं.

खिंडीत पोहोचलो आणि जीप दिसली. उतार सुरू होतो तिथेच, रस्त्याच्या कडेला, चारही चाकांना दगड लावून उभी. ठकी बाजूच्या मैलाच्या दगडावर बसली होती. उजव्या हाताची बोटं पाण्याच्या बाटलीत बुडवलेली. मी स्कूटर थांबायच्या आत उतरले आणि पडले, गुडघा फुटला, ते मला घरी गेल्यावर कळलं. मी तिला धरलं. इतकं घट्ट, की ती म्हणाली, अगं आई, श्वास घेऊ दे.

मग तिनं सांगितलं. फोन वाजला तेव्हा चाक फिरत होतं, आणि खिंडीत रेंजच नव्हती. चढावर गाडी कोणीतरी मागून ओढल्यासारखी जड झाली. आधी तिला वाटलं, सामानाचं ओझं. पण खिंडीत सपाटीला आली तरी तेच. दवाखान्यात जनावर मुकं असतं, हात लावून बघावंच लागतं, तसा तिनं उतरून चाकाला हात लावला आणि दोन बोटं भाजली. मग बॉनेट उघडून ब्रेकच्या तेलाची टाकी उघडली. आत दोन थर दिसले, वर पांढरं, खाली पिवळसर. तिनं वास घेतला.

'आई,' ती मला म्हणाली, 'हे तुझ्या मशीनचं तेल आहे ना?'

मी हो म्हटलं. आणि मला काय झालं कोण जाणे. पोरगी समोर धडधाकट उभी होती, देवाचे पाय धरावेत असा क्षण, आणि माझ्या अंगात सगळी भीती उलटी फिरली. मी ह्यांच्यावर तुटून पडले. माझ्याकडून बाटलीची चूक झाली, कबूल. पण तुम्ही? पस्तीस वर्षं रतीभर फरक तुमच्या डोळ्याला दिसतो, आणि हातातलं तेल दिसलं नाही? पोरीच्या जिवाशी खेळ? रस्त्यावरून जाणारा एक दुधाचा टेम्पो हळू झाला, इतका माझा आवाज चढला.

हे चाकापाशी उकिडवे बसले होते. माझं संपेपर्यंत थांबले, नेहमीसारखे.

'दिसलं होतं,' ते म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

'ओततानाच दिसलं. पातळ होतं. मला वाटलं, तुला विचारावं ह्या बाटलीत काय आहे.'

'मग विचारलं का नाहीत?'

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चाकाखालचा दगड उगाचच नीट बसवला. 'तू चिडली होतीस,' ते म्हणाले. 'म्हटलं, कंपनी वेगळी असेल. कशाला विचारा.'

मी ठकीकडे वळले. तिनं म्हणावं, बाबा, हे काय कारण झालं? पोरगी आहे, डॉक्टर आहे, शिकलेली आहे, तिनं तरी बोलावं. ती भाजलेल्या बोटांकडे बघत होती.

'आई,' ती हळूच म्हणाली, 'काल बाबांच्या जागी मी असते ना, तर मीही नसतं विचारलं.'

समोर तो उतार होता. सात किलोमीटर, वळणावळणाचा, खाली दवाखान्याचं कौलारू छप्पर एवढंसं दिसत होतं. मला खूप काही बोलायचं होतं. आजवर ह्या घरासाठी मी काय काय केलं, ते जिभेच्या टोकावर होतं. मी तोंड उघडलं.

दोघांनीही एकदम खांदे जरासे आवळून घेतले आणि ते माझ्याकडे बघायला लागले. मागे दरी होती, ब्रेक गेलेली जीप होती, आणि त्यांना भीती वाटत होती ती माझी.