न विचारलेला प्रश्न

हायकानुश पहिल्यांदा वकिलाकडे आली तेव्हा एकटी आली नाही. सोबत मुलगा वाहराम, सून, भाऊ, शेजारीण आणि गाता या गोड पावाचं भलंमोठं ताट. गोरिस गावात वकिलीची पाटी लावून नाझेलीला अजून वर्षही झालं नव्हतं. अशिलाशी एकांतात बोलावं, असं ती राजधानीत, येरेवानला, शिकून आली होती. तिने तसं सुचवून पाहिलं. कुणी जागचं हललं नाही.

"ही सगळी घरचीच माणसं," हायकानुश म्हणाली. "आधी सांग, तू कुणाची गं?"

"त्सोलाक मास्तरांची नात, मावशी."

"मग ठीक. तुझ्या आजोबांनी माझ्या नवऱ्याला गणित शिकवलं. त्याला आलं नाही, ती गोष्ट वेगळी."

प्रकरण तिच्या दिराचं होतं. सेयरान बऱ्याच वर्षांनी रशियातून परतला होता आणि आईच्या घराचा अर्धा हिस्सा मागत कोर्टात गेला होता. त्याच घरात हायकानुशने नवरा गेल्यावरही अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं केलं होतं, अगदी शेवटपर्यंत. सेयरान ना आजारपणात फिरकला, ना मातीला आला. पोटच्या मुलाने आईला जाणूनबुजून वाऱ्यावर सोडलं असेल, तर कोर्ट त्याचा हक्क नाकारू शकत होतं. पण जाणूनबुजून सोडलं हे सिद्ध करायला हवं होतं.

नाझेली पुरावा शोधत हायकानुशच्या घरी गेली. स्वयंपाकघरात दोघीच होत्या. द्राक्षाच्या पानात सारण भरता भरता हायकानुशने सांगून टाकलं.

"सासूबाईंचे शेवटचे दिवस होते. मी सेयरानला फोन लावला. तो म्हणाला, 'मला आई नाही, परत फोन करू नकोस.' वाहरामनेही ऐकलं."

"मग काम झालं. वाहराम साक्ष देईल."

"नाही देणार."

"मावशी..."

"सेयरानच्या मुलीचं शेजारच्या सिसियान गावात ठरलंय. अजून लग्न व्हायचंय. कोर्टात दुपारी बोललेलं संध्याकाळी सिसियानला पोचतं. ज्या घरातल्या बापाने आईला झिडकारलं, त्या घरची पोर कोण करून घेईल? सासूबाईंचंच नाव आहे तिला. नुनुफार."

नाझेली चिडली. "मग मला कशाला सांगितलंत?"

"वकिलापासून लपवायचं नसतं म्हणून सांगितलं. आता तू माझी. माझ्या घराची झाकली मूठ तुझ्या हातात."

"आपण हरू शकतो."

"हरू. घर जाईल, तर जाईल. पण त्या पोरीच्या अंगावर पाय देऊन मला जिंकवू नकोस."

सुनावणीला अर्धं गोरिस लोटलं होतं. न्यायाधीशांनी सेयरानला विचारलं, "आई एवढी आजारी असताना तुम्ही का आला नाहीत?"

"मला कुणी कळवलंच नाही," तो म्हणाला.

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. मान वळवून सगळे हायकानुशकडे बघायला लागले. भर कोर्टात दिराने सगळा दोष तिच्यावर ढकलला होता. वाहराम अर्धवट उठला. तिने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

नाझेली उभी राहिली. प्रश्न तिच्या ओठांवर होता. फोन आला नव्हता का, एवढंच विचारायचं, आणि वाहरामला पुढे बोलवायचं. तिने हायकानुशकडे पाहिलं. हायकानुशने हलकेच नकारार्थी मान हलवली. सेयरानचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने समोरचा कठडा घट्ट धरला होता.

"मला काही विचारायचं नाही," नाझेली म्हणाली.

बसताना तिला वाटलं होतं, आपल्याला हरल्यासारखं वाटेल. तसं झालं नाही. शेजारी ताठ बसलेल्या त्या बाईची आपण वकील आहोत, या विचाराने तिचा ऊर भरून आला.

बाहेर अंगणात सेयरान आला. थेट हायकानुशसमोर उभा राहिला.

"का नाही बोललीस, वहिनी?"

"तुझ्या आईजवळही नाही बोलले," ती म्हणाली. "त्यांना सांगितलं, सेयरान निघालाय, घाटात बर्फ पडलंय म्हणून उशीर होतोय. त्या दाराकडे तोंड करून शांत गेल्या."

तो मोठा, रुंद खांद्यांचा माणूस भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. कुणी त्याला अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दावा मागे घेतला.

शरदात नुनुफारचं लग्न झालं. हायकानुशने दोन्ही बाजूंच्या वकिलांना बोलावलं होतं, आणि नाझेलीला बसवलं ते सख्ख्या नातेवाइकांच्या ओळीत, आपल्या भावाच्याही वर. सेयरानने आईच्या नावाने पेला उचलला. बोलताना त्याचा आवाज फाटला, पण तो थांबला नाही.

त्याचे वकील मेझलुम्यान, केस पिकलेले गृहस्थ, नाझेलीकडे वाकले.

"पोरी, त्या दिवशी तुझ्याकडे काहीतरी होतं. मी चाळीस वर्षं कोर्टात घालवलीत, मला कळतं. काय विचारणार होतीस?"

"तुतीची दारू चांगली आहे, घ्या ना थोडी," नाझेली म्हणाली, आणि त्यांचा पेला भरला.

म्हाताऱ्या वकिलांना त्यातच उत्तर मिळालं. मग त्यांनी उठून, छातीवर हात ठेवून, तिच्या नावाने पेला उचलला. आख्खं टेबल उभं राहिलं. कशासाठी, हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं.